करदोड्यातलं लोखंड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं एक वांगं जास्तीचं टाकलं तर मी घरी येऊन बाकीची सगळी उलटीपालटी करून बघते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं ते 'चार दिवस राहून ये' असं गोड बोलून, आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. ही सवय मुळात आमच्या आप्पांची. गुलबर्ग्याच्या तुरीच्या बाजारात त्यांनी जन्मभर हमाली केली. आडत दुकानात मापात काय काय चालतं ते सगळं त्यांना ठाऊक होतं. ते म्हणायचे, "काटा बगू नगं, काटा धरनाऱ्याचा हात बग."

बहात्तरच्या दुष्काळानंतर आळंद तालुक्यातल्या आमच्या खजुरी गावाबाहेर एका संस्थेनं पोरक्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, स्वयंपाकघर, धान्याची कोठी आणि मधोमध एक कडुलिंब. चाळीसेक मुलं होती. व्यवस्थापक लिंगायत घरातले, कपाळाला विभूती, घरात कन्नड आणि आमच्याशी मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी तिथं स्वयंपाकीण होते.

त्या चाळिसांत एक माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी होती. बहीण बाळंतपणात गेली, तिचा नवरा दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तापानं गेला. आप्पांचे गुडघे बाजारानं खाल्ले होते, माझ्या पदरात काही नव्हतं. वसतिगृहात दोन वेळचं जेवण होतं, शाळा होती. पण नियम असा की ज्याला कुणीच नाही अशाच मुलाला घ्यायचं. म्हणून अर्जावर मी 'कोणी नाही' असं लिहवून घेतलं, दुसऱ्याच्या हातून तिला आत पाठवलं आणि महिन्याभरानं मी स्वतः कामाला लागले. पाचवं लागलेल्या त्या पोरीला मी शिकवून ठेवलं होतं, की मला मावशी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. ती शहाणी. तिनं कधी चूक केली नाही. कागदावर मात्र ती कुणाचीच नव्हती, आणि कुणाचीच नसलेली वस्तू कुणीही उचलून नेतं, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

त्यात परदेशातून एक बाई आली. गुलबर्गा स्टेशनवरून संस्थेच्या जीपनं तिला आणलं. वय माझ्याएवढंच, सव्वीस-सत्तावीस. तिच्या देशाचं नाव मला तेव्हा नीट म्हणता येत नसे. अण्णांनी सांगितलं, ही पोरक्या मुलांची सेवा करायला आपल्या खुशीनं आली आहे, पगार घेत नाही, वर्षभर राहील. मी तिचे हात बघितले. नखं कापलेली, बोटांवर पोळल्याचे डाग, तळवे राठ. चांगले कामाचे हात होते. माझा संशय त्यानं कमी झाला नाही, वाढला. ऐतखाऊ बाई हौसेनं आली असती तर समजलं असतं. असे हात असलेली बाई आपलं घरदार सोडून आमच्या पोरांची ढुंगणं धुवायला समुद्र ओलांडून कामून येईल? आमच्याकडं सख्खा चुलता पोरक्या पोराला दारात उभा करत नाही.

ती आली त्या दिवशी मी तिला पाणी दिलं. तिनं ते घटाघटा प्यायलं आणि तांब्या पुन्हा पुढं केला. आम्ही धर्मांतर केलेलं घर. नऊ वर्षांची होते तेव्हा आप्पांनी देव्हाऱ्यातले टाक, गंडेदोरे, सगळं गोणपाटात बांधून पाण्यात सोडलं होतं. पण देव सोडले म्हणून गावानं विहीर दिली नव्हती. माझ्या हातचं पाणी परक्यानं असं पिणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती आणि खरं तर माझं मन तिथंच विरघळायला हवं होतं. मी मनात म्हटलं, हिला कुणी सांगितलं नसेल. पुढं मला कळलं की अण्णांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं, मग नक्कीच हिचं काहीतरी काम आहे.

मुलं तिला गोरी अक्का म्हणू लागली. ती उवा काढायची, खरजेला औषध लावायची, आणि आमचं बोलणं असं भरभर उचलायची की 'कामून' आणि 'व्हय' दोन आठवड्यांत तिच्या तोंडी बसले. माझी पोर तर तिच्या मांडीवरून उठेना. मला आग लागायची. मला मावशी म्हणायची चोरी, आणि ही परकी बाई हिला सगळ्यांदेखत पोटाशी धरते, हे मी भाकरी थापता थापता बघत बसायची.

मग तिनं कडुलिंबाला काटा टांगला. स्प्रिंगचा, गोल तबकडीचा, खाली कापडाची झोळी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मूल झोळीत बसवायचं आणि आकडा एका कार्डावर लिहायचा. कार्डावर ती रेघ ओढायची. रेघ चढली तर ती हसायची, उतरली तर तांबडी खूण करायची. आमच्याकडं लेकरू तोलत नाहीत, नजर लागते म्हणतात. माझा नजरेवर विश्वास नव्हता, पण काट्यावर त्याहून नव्हता. तुरीसारखी पोरं तोलायची ती कशाला? विकायच्या वस्तूशिवाय माणूस काय तोलतो?

उत्तर गावानंच दिलं. बीदरला विमानांच्या तळावर बांधकामाला जाऊन आलेला एक जण पारावर सांगत होता, की विमानात चढवायच्या आधी माणसाचं वजन करतात, जड माणसाला बसू देत नाहीत. झालं. हलकी लेकरं निवडायची, विमानात घालायची, तिकडं मूलबाळ नसलेल्यांना द्यायची, असा हिशेब गावानं दोन दिवसांत जुळवला. मी आधी हसले. पण त्याच महिन्यात तांबड्या खुणेची दोन मुलं जीपमध्ये बसून गेली आणि परत आली नाहीत. अण्णांना विचारलं तर ते जमिनीकडे बघत म्हणाले, चांगल्या जागी आहेत. चांगल्या जागी दिली, असं आमच्याकडं लेकीच्या लग्नाबद्दल म्हणतात. माझं हसू तिथंच संपलं.

पुढच्या सोमवारी माझ्या पोरीची रेघ एका घरानं खाली आली. गोऱ्या अक्कानं भुवया जवळ आणल्या, अण्णांशी बोलली. अण्णा म्हणाले, पुन्हा उतरली तर हिलाही जीपनं पाठवायचं.

आता मी काय करायचं? ही माझी आहे म्हटलं तर खोटं लिहून दिल्याबद्दल पोरीची जागा जाणार, माझं काम जाणार आणि दोघी उपाशी. गप्प बसलं तर पोरच जाणार. तिला चोरून तूप-भाकरी चारायला लागले. भाकरीच्या आत शेंगांचा कूट, दुधावरची साय. ती खायची, पण अंगाला लागत नव्हतं. संध्याकाळी कपाळ कोमट लागायचं, खोकला होता. मी म्हटलं, हवा बदलली की होतं असं.

आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत जुनी लोखंडी वजनं होती. किलो आला तेव्हा शेर-छटाक बाद झाले आणि आडत्यानं ती भंगारात काढली. आप्पांनी त्यांतला एक संच मागून घेतला. शेर, अच्छेर म्हणजे अर्धा शेर, पावशेर आणि बारकी छटाकं सहा. ते म्हणायचे, ही वजनं खरी आहेत, यांच्यात कधी खोट निघाली नाही. चारचौघं देवाच्या मूर्ती जपतात तशी त्यांनी ती घासूनपुसून जपली होती. मी त्यातलं एक छटाक उचललं. साठेक ग्रॅम असेल, मुठीत दिसतही नाही.

ते ठेवायचं कुठं, हे गोऱ्या अक्कानंच मला सुचवलं असं म्हणायला हरकत नाही. आल्या आल्या तिनं एका मुलाच्या कमरेचा मळका करदोडा कात्रीनं कापला होता, तर बायकांनी आरडाओरडा केला. करदोडा मेल्यावरच कापतात. अण्णांनी तिला ते समजावलं आणि ती इतकी ओशाळली की त्यानंतर कुठल्याही पोराच्या कमरेच्या दोऱ्याला, ताइताला हात लावेनाशी झाली. माझ्या पोरीच्या कमरेला दोरा नव्हता. आमच्या घरात तो सतरा वर्षांपूर्वीच सुटला होता. मी काळा दोरा विकत आणला, लाल चिंधीची पिशवी शिवली, तिच्यात छटाक घातलं आणि ती पिशवी पोरीच्या फ्रॉकखाली बांधली.

तोलून झालं की काटा कोठीत आणून ठेवायचे, आणि कोठीची किल्ली माझ्याकडे. सोमवारच्या आधी, दुपारी बाकीची मुलं झोपली की, मी पोरीला कोठीत नेऊन झोळीत बसवायची आणि गेल्या महिन्याच्या आकड्यावर काटा येईपर्यंत पिशवीत छटाक टाकायची. दसऱ्याच्या महिन्यात एक पुरलं. दिवाळीच्या महिन्यात दोन लागली. मार्गशीर्षात, येळवशीच्या महिन्यात, चार. पोर विचारायची, बाई, यात काय आहे? मी म्हणायची, गप ऱ्हा.

चौथ्या छटाकाच्या वेळी गोऱ्या अक्काचं लक्ष त्या पिशवीकडे गेलं. तिनं अण्णांकरवी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, देवाचं आहे, सोडायचं नसतं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. आमच्या लोकांनी देव सोडलेत हे त्यांना माहीत होतं. पण ते भले, त्यांना वाटलं असेल की मी एकटी बाई, परतले असेन देवाकडे. गोऱ्या अक्कानं त्या पिशवीला हात जोडले. ते बघूनही मी मनाला बजावलं, की ही ढोंग करते आहे.

संक्रांतीच्या महिन्यात सहा छटाकं लागली. पेटीतली संपली.

रेघ सरळ होती, आणि पोरीच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता संशय घ्यायची पाळी गोऱ्या अक्काची होती. पण तिनं संशय माझ्यावर घेतला नाही, काट्यावर घेतला. महिना संपायच्या आत तिनं अण्णांना सांगितलं, की काटा बिघडलाय, खात्रीचं वजन लावून तपासायला हवा. अण्णा म्हणाले, त्यात काय, गावात एक जुने हमाल आहेत, त्यांच्याकडे अस्सल वजनं आहेत. स्वयंपाकघरातून मी हे ऐकलं. चुलीवर वरण होतं, ते करपलं तरी मला वास आला नाही. पळत घरी जावं तर शिपाई आधीच निघाला होता, आणि पिशवी पोरीच्या कमरेला, पोर शाळेत.

तासाभरानं आप्पा काठी टेकत आले. शिपायाच्या हातात शेर, अच्छेर आणि पावशेर. छटाकं नव्हती. आप्पांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. पोत्यात दगड सापडला की ते जसं पोत्याकडे बघत, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्यांनी काटा स्वतःच्या हातानं टांगला. आधी शेर लावला, मग अच्छेर, मग दोन्ही. डोळे बारीक करून आकडा बघितला, तोंडातल्या तोंडात शेराचे ग्रॅम केले, पुन्हा एकदा सगळं लावलं. घाई त्यांना माहीतच नव्हती. तोवर शाळा सुटून मुलं आली होती. आप्पांनी पोरीला हाक मारली, खाली बसता येत नव्हतं तरी भिंतीला धरून बसले आणि तिचा फ्रॉक वर केला. लाल पिशवी सोडवली. दोऱ्याखाली कातडी काळी पडली होती. पिशवी फाडून त्यांनी सहाही छटाकं गोऱ्या अक्काच्या ओंजळीत ठेवली.

"काटा खरा हाय, अण्णा," ते म्हणाले. "धरनारा हात आमच्या घरचा हाय. ही माजी नात. आन् ही स्वैपाकीन माजी लेक."

मग माझ्याकडे न बघता, फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "देव सोडले, दोरे सोडले. तू दोरा बांधून त्यात लोखंड भरलीस."

मला वाटलं होतं आता आरडाओरडा होईल, मला हाकलतील. गोरी अक्का ओंजळीतल्या लोखंडाकडे बघत उभी होती. तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा कान धरून उभ्या केलेल्या पोरीसारखा झाला. जणू चूक तिचीच होती. तिनं एकच शब्द विचारला.

"कामून?"

"तुमी लेकरं इमानात घालून नेता म्हनून," मी म्हटलं. "ती दोन नेली. माजी पन नेली असती."

अण्णांनी कपाळाला हात लावला. त्यांना आता सांगावंच लागलं. ती दोन मुलं गुलबर्ग्याच्या दवाखान्यात होती. छातीचा क्षय. वजन उतरलं की तो ओळखता येतो, म्हणून तो काटा आणि ती कार्डं. गावात कळलं तर धोबी कपडे नेणार नाही, शाळा मुलांना घेणार नाही, म्हणून अण्णांनी 'चांगल्या जागी' म्हणून तोंड बंद ठेवलं होतं. त्यांची ती चूक, आणि ती त्यांनी कबूल केली.

गोऱ्या अक्कानं माझ्या पोरीचं कार्ड आणलं, पेन्सिल घेतली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. तिनं पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं, एक छटाक हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं ती काय विचारते आहे. दसऱ्याला एक, मी म्हटलं. तिनं वजा केलं. दिवाळीला दोन. तिनं वजा केलं. येळवशीला चार. संक्रांतीला सहा. मला एकदाही आठवावं लागलं नाही. ती प्रत्येक महिन्याला एक नवा ठिपका काढत गेली आणि शेवटी ठिपके जोडले, तेव्हा रेघ जिन्यासारखी खाली गेली होती.

ती रेघ तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी ती चार महिने बघत होते. साऱ्या वसतिगृहात, साऱ्या खजुरीत, पोर किती झिजली हे छटाकाच्या मापात ठाऊक असलेली एकटी मीच होते. गोऱ्या अक्काला ठाऊक नव्हतं, अण्णांना नव्हतं, डॉक्टरला नव्हतं. मला होतं, आणि मी ते बांधून ठेवलं. तेव्हा मी रडले.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पोरीच्या शेजारी गोऱ्या अक्कानं मला बसवलं. आळंद सोडल्यावर पोरीनं माझ्या कानाला लागून विचारलं, आता मावशी म्हटलं तर चालंल का? मी म्हटलं, म्हण. गुलबर्ग्याला दवाखान्याच्या ओसरीत त्या दोन मुलांतला एक भेटला, अंगानं भरलेला, कांजीचा पेला धरून बसलेला. दुसऱ्याचं विचारलं तर बरोबर आलेल्या अण्णांनी पुन्हा जमिनीकडे बघितलं. या वेळी मी त्यांच्यावर संशय घेतला नाही.

पोर आठ महिने तिथं होती. सुया टोचून टोचून तिचे दंड दगडासारखे झाले. डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी आणली असती तर डावं फुप्फुस पूर्ण वाचलं असतं. ते अर्धं गेलं, पोर राहिली. माझी नोकरी अण्णांनी राखली, पोरीची जागाही राखली, अर्जावर 'मावशी आहे' असं लिहून. गोऱ्या अक्काचं वर्ष संपलं तेव्हा ती सगळ्यांना मिठ्या मारून गेली. जाताना तिनं माझे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. ही सवय तिला माझ्याकडून लागली असावी. छटाकं तिनं आप्पांना परत केली होती. आप्पांनी ती पेटीत ठेवली, पण त्यानंतर कधी घासली नाहीत.

आता पोर पंचविशीच्या घरात आहे. जिना चढताना थांबते, जोरात हसली की खोकते. आमच्याच तालुक्यात अंगणवाडीत शिकवते, आणि दर महिन्याला लेकरं तोलते, तसाच काटा, तशीच झोळी. करदोड्याची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. आप्पा सांगण्यातले नव्हते, आणि ती पाच वर्षांची होती, तिला काय आठवणार असं मी धरून चालले होते. पण परवा मी तिच्या अंगणवाडीत डबा घेऊन गेले होते. दाराशी उभी राहून बघत होते. झोळीत घालायच्या आधी ती प्रत्येक लेकराच्या फ्रॉकखाली, सदऱ्याखाली हात घालून कमरेवरून फिरवते. एकही लेकरू सोडत नाही. बायका रागावतात, करदोड्याला हात लावू नका म्हणतात. ती हसून ऐकून घेते आणि हात फिरवतेच.

मी आहे हे तिला दिसलं होतं. तिनं पुढचं लेकरू उचललं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याच्या कमरेवरून हात फिरवला.